चार्जर काढल्यावर

वहिनीचा लॅपटॉप इतका लहान होता, की नणंदेनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'डबी' ठेवलं.

"वहिनी, यात पियानो मावतो? माझी लिपस्टिकसुद्धा मावायची नाही यात."

वहिनी वायरी जोडत राहिली. पियानो, ऑर्गन, व्हायोलिनांचा ताफा, सगळी वाद्यं सॉफ्टवेअरच्या रूपानं त्या डबीतच होती. पुढ्यातल्या हलक्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नव्हता. बोट पडलं की तो फक्त इशारा द्यायचा, वाजायची ती डबी. जुना जड कीबोर्ड उचलून वहिनीचा खांदा कामातून गेला होता, म्हणून हा खटाटोप.

गाण्याचा ग्रूप नणंदेचा. वयानं ती लहान, पण इथं शब्द तिचा. मागच्या कार्यक्रमात डबी मध्येच झोपी गेली आणि एक अख्खं कडवं नणंदेला नुसत्या ड्रमवर गावं लागलं. वायरी गुंडाळायच्या आतच तिनं सांगून टाकलं, "आणखी एकदा असं झालं, तर तो आपला जुना कीबोर्डवाला परत येईल. नातं घरी, इथं नाही."

वहिनी रुसली नाही. तिनं डबीची झोप बंद केली, अपडेट बंद केले, इंटरनेट तोडलं आणि हेडफोन लावून सगळी गाणी पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. आवाज एकदाही अडखळला नाही.

कार्यक्रम दुपारचा होता, एका कारखान्याच्या सभागृहात, निवृत्त झालेल्या कामगारांसाठी. डबी स्पीकरला जोडली आणि सभागृहभर घरघर सुरू झाली.

"ताई, तुमच्या चार्जरचा आवाज आहे हा," साउंडवाला जागेवरूनच ओरडला. "काढून टाका, गप्प बसेल."

चार्जर काढला. घरघर थांबली. बॅटरी भरलेली होती, त्यामुळे वहिनीनं त्यावर आणखी विचार केला नाही.

पहिलं गाणं नीट झालं. दुसरं संथ होतं, नणंदेचं हातखंडा गाणं. त्यात वहिनीनं पियानोमागे व्हायोलिनं आणली आणि स्पीकर तडतडले. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. डबीवर किती ताण आहे ते दाखवणारी रेघ लाल झाली होती. पुन्हा तडतड. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून फुंकून पाहिलं.

काय झालं ते वहिनीला लगेच कळलं. चार्जर निघाल्यावर डबीनं वीज वाचवायला घेतली होती आणि स्वतःचा वेग कमी केला होता. घरी तिनं सगळं तपासलं ते चार्जर लावूनच, आणि ती घरघर स्पीकरला जोडल्यावरच उठणारी, हेडफोनमध्ये ऐकू येणं शक्यच नव्हतं. सेटिंग बदलायला दोन्ही हात हवे होते आणि ते दोन्ही गुंतले होते.

नुसता पियानो डबीला पेलला असता. पण व्हायोलिनं तिथं शोभेला नव्हती. नणंदेचा आवाज अलीकडे वरच्या सुरावर थरथरायचा. वहिनी कुणाला न सांगता नेमकी तिथंच व्हायोलिनं चढवायची. थरथर बुडून जायची, टाळ्या पडायच्या, आणि आपला आवाज होता तसाच आहे असं नणंद समजून चालायची.

आता व्हायोलिनं ठेवली तर वहिनीची जागा जात होती, आणि काढली तर नणंद उघडी पडत होती.

वहिनीनं ती काढली. तडतड थांबली. वरचा सूर आला, थरथरला आणि मधेच फाटला. नणंदेनं वळून पाहिलं. त्या नजरेत राग कमी आणि गोंधळ जास्त होता.

दुसऱ्या कडव्याआधीच्या संगीतात वहिनीनं पट्टी उतरवायचं बटण दोनदा दाबलं. बोटं पूर्वीच्याच जागी वाजवत राहिली. गाण्याची पट्टी मात्र काळी चारवरून काळी तीनवर उतरली. सूर सांभाळणारं दुसरं वाद्य ग्रूपमध्ये नव्हतं. नणंद क्षणभर थबकली, नवी पट्टी कानानं पकडली आणि गाऊ लागली. या वेळी वरचा सूर सरळ उभा राहिला.

कार्यक्रम संपल्यावर ती थेट वहिनीसमोर येऊन उभी राहिली.

"व्हायोलिनं कुठं गेली?"

"बंद केली. डबीला झेपत नव्हती."

"आणि पट्टी?"

"उतरवली. तुला झेपत नव्हती."

ड्रमवाल्याला एकदम गाडीतून काहीतरी आणायचं आठवलं. तो निघून गेला.

"कधीपासून?" नणंदेनं विचारलं.

"झालं वर्षभर."

"वर्षभर तू मला पांघरूण घालत होतीस? आणि मी तुझ्या डबीला नावं ठेवत बसले."

"ती आहेच तशी."

नणंद हसली नाही. खुर्चीवर बसून तिनं चार्जरची वायर उगीचच हातात घेतली.

"त्या कीबोर्डवाल्याला मी काल फोन केला होता. तयार आहे तो."

वहिनीनं डबी मिटली. "मग?"

"मग काय! तो काळी चार सोडून खाली उतरायचा नाही. वर चारचौघांत मला विचारेल, काय झालं म्हणून." नणंदेनं वायर गुंडाळून तिच्या हातात दिली. "नको म्हणून सांगते त्याला. पण वहिनी, असलं काही मला घरी सांगायचं. स्टेजवर नाही."

"सांगेन."

घरी आल्यावर वहिनीनं नणंदेच्या सगळ्या गाण्यांची पट्टी उतरवून ठेवली. मग चार्जर काढला आणि ती पहिल्यापासून पुन्हा वाजवून पाहिली.