देठाचा चीक

महाराष्ट्र राज्य झालं त्या वैशाखातली गोष्ट. बोर्ली पंचतनच्या बाजारात ठमाबाईची करवंदं लोक न बघता घेत. पण त्या साली तिला समोरचं माणूससुद्धा धुरकट दिसायला लागलं होतं. घरात ती याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. बोललं की डोंगर बंद, बाजार बंद. मग चुलीपाशी बसून राहायचं.

सोबत सून असे, कोकिळा. परळच्या चाळीत वाढलेली, तिला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागे. "आधी काटा बघ, मग पान, मग फळ," ठमाबाईनं बजावलं होतं. "खुडल्यावर देठाला पांढरा चीक येतो. पण नुसत्या चिकावर जाऊ नको, रुईलापण चीक असतो."

उन्हं चढल्यावर दोघी सावलीला टेकल्या. सासूच्या पाटीत हात घालून कोकिळा थबकली.

"आत्ये, ह्यातल्या काही फळांना चीकच नाही."

"वाळला असंल."

"देठ कोरडा आहे. त्या करवंदीच्या जाळीवर कसलीशी वेल चढलीय, तिची फळं अशीच काळी आहेत."

ठमाबाईनं फळ बोटांत फिरवलं. पातळ सालीचं, परकं. बोटांना मघाशीच कळलं असतं. पण आपल्याला दिसतंय हे सुनेला दाखवायच्या नादात ती काळं दिसेल ते ओरबाडत सुटली होती.

"निवडून काढू?"

"न्हाय. सगळी वत."

"अख्खी पाटी?"

"पोरंबाळं खातात गो. एक जरी ऱ्हायलं तर?"

कोकिळेनं पाटी खळग्यात उपडी केली, वर माती लोटली. मग हळूच विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

कोकिळेनं सासूचा हात धरून तो दुसऱ्या जाळीकडे नेला. ठमाबाईनं फांदी चाचपली. समोरासमोर जोडीनं काटे, पान जाड. "ही करवंदच. इथली काढ."

बाजारात पोचायला उशीर झाला. रावजी शिंप्यानं नेहमीसारखा पंचा पसरला.

"रावजी, आज सुनेनं काढल्यात," ठमाबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "माझं डोळं गेलं. बघून घे."

रावजी वाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं फळं उलटीपालटी करून पाहिली.

"चांगली हायत," तो म्हणाला.

ठमाबाईला ते जरा लागलं. आणि बरंही वाटलं.