पदरावरचा रफू

गोव्यातल्या मुळगावच्या गौरवीने जुन्या साड्यांचा धंदा सुरू केला तेव्हा स्वतःला एकच नियम घालून घेतला होता, की दोष लपवायचा नाही. डाग असेल तर डागाचा फोटो, जरीचा काठ उसवला असेल तर त्याचाही फोटो, आणि तो जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, उजेडात, अगदी जवळून काढलेला. मोबाईलवरच्या तिच्या पानाचं नाव होतं ‘दुसरी घडी’. बायका आपल्या कपाटात पडून राहिलेल्या साड्या तिच्याकडे आणून द्यायच्या. ती त्या धुवून, इस्त्री करून, बारीकसारीक दुरुस्ती करून पानावर टाकायची. कोल्हापूर, पुणे, बेळगाव, कुठून कुठून मागण्या यायच्या. घेणाऱ्या बायका परत परत घ्यायच्या, कारण हातात येणारी वस्तू फोटोपेक्षा वाईट कधी निघायची नाही.

नवरा प्रज्योत औषधांच्या कारखान्यात पाळीने कामाला जाई. घरी गौरवी आणि तिची सासू सत्यवती. सासूला ती मांय म्हणे. मांयला हा धंदा पहिल्यापासून खटकत होता. बैठकीच्या खोलीत दोरीवर परक्या साड्या दिसल्या की ती नाक मुरडायची.

“लोकांनी नेसलेलीं कापडां हीं,” ती म्हणायची. “त्यांच्यावांगडा कोणाचें कितें घरांत येयत, सांगूंक येना.”

साड्यांबरोबर कोणाचं काय घरात येणार, असं म्हणत गौरवी हसून सोडून द्यायची. दिपाली आली त्या दुपारीही तिने ते हसण्यावारीच नेलं होतं.

दिपाली मूळची कुडाळकडची. पाळी गावात, खाणीच्या ट्रकवाल्यांसाठी चालणाऱ्या एका खानावळीत चपात्या लाटायचं काम करत होती. बस बदलत बदलत आली आणि पिशवीतून एक हिरवीगार लग्नाची साडी काढून मेजावर ठेवली. साडी देखणी होती. पदरावर एका ठिकाणी समईच्या ज्योतीने जळून भोक पडलेलं, आणि त्यावर कोणीतरी पोपटी धाग्याने इतका सुरेख रफू केला होता की तिथे आंब्याचं पानच उमटलं होतं.

“कोणी केलं हे?” गौरवीने विचारलं.

“मीच.” दिपाली पहिल्यांदा जराशी हसली. “लग्नाच्या दिवशीच जळली. सासू बोलात म्हणून रातोरात शिवलंय.”

साडी दोरीवर टाकताना गौरवीने तिला दुसरं टोक धरायला सांगितलं. दिपालीने उजव्या हाताने धरलं. डावा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. गौरवीची नजर गेली तशी ती म्हणाली, “पडलंय मी,” आणि पदर सारखा केला. मांयने चहा आणला, कुठली, कोणाची, कुठे काम करतेस, सगळं विचारून घेतलं. निघताना दिपाली दारात थांबली.

“ताई, माझा नाव खय घालू नकात हां.”

“छे, मी कोणाचंच नाव घालत नाही,” गौरवी म्हणाली.

आणि तिने खरोखरच घातलं नाही. फोटो मात्र नियमाप्रमाणे घातले. रफूचा फोटो तर तिने मुद्दाम दोनदा काढला, इतका तो सुंदर होता. खाली लिहिलं, पदरावर हाताने केलेला रफू आहे, पाहून घ्यावा.

साडी लगेच गेली. मागणी कुडाळहून आली होती, कोणा बाईच्या नावाने. गौरवीने पत्ता वाचला तेव्हा मनात काहीतरी चुकचुकलं, पण कुडाळ काय लहान आहे, असं म्हणून तिने साडी घडी करून पाकिटात घातली. पाकिटाच्या कोपऱ्यात नेहमीसारखं स्वतःचं नाव, घरचा पत्ता आणि फोन लिहिला. माल परत आला तर कुठे येणार?

पाकीट पोचल्यावर फोन आला. बोलणारा पुरुष होता, आवाज अगदी मऊ.

“मी प्रवीण बोलतंय, कुडाळसून. साडी गावली. बरी आसा. फक्त एक विचारूचा होता, ही खयसून गावली तुमका?”

“ते मी सांगत नाही कोणाला. धंद्याचा नियम आहे.”

“माझ्या बायकोची ती. बहिणीन पान बघल्यान आणि रफू वळाखल्यान. वर्ष झाला, बायकोचो पत्तो नाय. माणूस काळजी करतलोच, नाय?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“हरकत नाय,” तो तितक्याच मऊपणे म्हणाला. “पाकिटार तुमचो पत्तो आसा. मीच येतंय कधी तरी.”

तिने लगेच दिपालीला फोन लावला. दिपालीने सगळं ऐकून घेतलं. मागे खानावळीतली भांडी वाजत होती. मग ती म्हणाली, “त्येंका काय्येक सांगू नकात,” आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन बंदच लागू लागला.

तेव्हापासून गौरवीचं घरात लक्ष लागेना. रस्त्यावर मोटारसायकलीचा आवाज आला की हातातली इस्त्री जागच्या जागी थांबायची. एकदा तर त्यात एक चांगली साडी करपली. तिने पान बंद केलं, परत चालू केलं, रफूचा फोटो काढून टाकला. पण तो ज्याने पाहायचा त्याने पाहिलाच होता. आपण इतक्या प्रामाणिक, म्हणून मिरवत होतो, आणि त्याच प्रामाणिकपणाने एका बाईचा माग काढून दिला, हे तिच्या घशाखाली उतरेना. प्रज्योतला सांगितलं तर तो म्हणाला, “येणार कशाला? बोलतात लोक रागाने.” पण तो माणूस रागाने बोललाच नव्हता. तिला भीती वाटत होती ती त्याचीच.

मांयला मात्र तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘हांवें म्हणलेंच आशिल्लें’ हे आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिली आणि तिथेच चुकली.

त्या दिवशी ती पाकिटं द्यायला डिचोलीच्या बाजारात गेली होती. परत येऊन पाहते तो अंगणात एक अनोळखी मोटारसायकल उभी. नंबर महाराष्ट्राचा, सिंधुदुर्गातला. ती आत शिरली तेव्हा जनेलाजवळच्या खुर्चीवर एक नीटनेटका, पांढऱ्या शर्टातला माणूस बसला होता आणि मांय त्याच्यासमोर चहा ठेवत होती. मांयचा चेहरा कसा फुलला होता.

“यो गो, बेगीन यो. हो आपल्याच मनशांतलो. हाचो मामा सातार्ड्याचो, आमच्या वळखीचो. बायलेक सोदीत आयला बिचारो. आनी पळय, ती चपात्यो लाटपी पोर गो, पाळीच्या खानावळींतली! ती हाचीच बायल!”

बायकोचं नाव ऐकताच मांयने दिपाली कुठे काम करते ते त्याला सांगून टाकलं होतं. गौरवी प्रवीणकडे पाहत राहिली. वर्षभराने बायकोचा ठावठिकाणा कळलेल्या माणसाच्या तोंडावर काहीतरी दिसायला हवं होतं. सुटका नाही तर निदान रडू तरी. त्याने फक्त कप खाली ठेवला, अर्धा भरलेला, बशीवर अगदी मधोमध.

“उपकार झाले, आये,” तो म्हणाला. मग हेल्मेट उचलता उचलता, जणू स्वतःशीच, “तिका वाटला, माका ती गावाचीच नाय. पण गावली.”

मोटारसायकल सुरू झाली आणि साखळी गावाच्या दिशेने, पाळीकडे गेली.

“मांय, तो तिला मारतो,” गौरवी म्हणाली. हे दिपालीने कधी सांगितलं नव्हतं. पण तो हात, तो बंद फोन, ते ‘पडलंय मी’, सगळं तिच्या तोंडातून एकदमच बाहेर पडलं. “तो येणार हे मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझंच चुकलं.”

मांय खाली बसली. गौरवीला वाटलं आता बोल लावेल. पण ती दाराकडे बोट करून म्हणाली, “वच तूं. हांगा उबी रावनाका.” आणि कमरेचा मोबाईल काढून चष्मा शोधू लागली. “पाळीं म्हजो भाचो आसा, भिकाजी. ट्रक चलयता. ताका सांगतां.”

गौरवीने दुचाकी काढली. डिचोलीत थांबून पोलिसांच्या नंबरावर फोन केला. पलीकडचा माणूस सावकाश विचारत होता, नाव काय, घटना घडली का, कधी घडली. “घडली नाही अजून,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “म्हणूनच फोन करते ना!” त्याने गाडी पाठवतो म्हटलं. पाठवेल की नाही याची खात्री तिला वाटेना.

साखळीच्या पुढे रस्ता खनिजाच्या धुळीने लाल झालेला. ट्रकांच्या मागे अडकत, हॉर्न वाजवत ती चालली होती. एका चहाच्या गाड्याजवळ तिला पांढरा शर्ट दिसला. मोटारसायकल लावून प्रवीण गाडेवाल्याला काहीतरी विचारत होता आणि गाडेवाला हात लांब करून पुढची वाट दाखवत होता. गौरवीने हेल्मेटची काच खाली ओढली आणि त्याच्या अगदी बाजूने गाडी काढली. त्याने वळून पाहिलं की नाही, हे पाहायचं धैर्य तिला झालं नाही.

खानावळ रस्त्यालगतच होती, पत्र्याची. मालकीण सुलोचना भातावर आमटी वाढत होती, बाकांवर ड्रायव्हर जेवत होते. दिपाली मागे तव्यासमोर बसली होती.

“दिपाली, चल. मागच्या दाराने चल. तो येतोय, अगदी पाठोपाठ आहे.”

दिपालीच्या हातातलं लाटणं थांबलं. ती उठली, मागच्या दारापर्यंत गेलीसुद्धा. तिथून पलीकडे काजूची बाग होती, आणि त्यापुढे गौरवीला माहीत नव्हतं काय होतं. दिपालीने चौकटीला हात टेकला आणि तशीच उभी राहिली.

“चल ना गं!”

“खय जाव, ताई?” ती म्हणाली. “आदी मावशीकडे गेलंय, थयसून सावंतवाडीक, थयसून हय. आता आणि खय पळू? हय माका जेवक गावता. हय माका कोण मारीना.” ती परत आत आली, बालदीत हात बुडवून पीठ धुतलं आणि पदराला पुसत बाहेरच्या दाराकडे गेली.

प्रवीण आत आला तो हसतच. “चल घरा,” तो म्हणाला. “आये वाट बघता. झाला ता झाला.”

“मी नाय येणार.”

“लोकांसमोर तमाशो नको, दिपाली.”

“लोक आसत म्हणानच बोलतंय,” ती म्हणाली. “साडी गावली ना तुमका? ती ठेवा. मी तुमका गावाची नाय.”

त्याचं हसू तसंच राहिलं, आणि हात मात्र विजेसारखा पुढे आला. त्याने तिचा डावा दंड धरून पिरगाळला. दिपाली किंचाळली. नेमका कोणता हात धरायचा, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

बाक मागे सरकल्याचा आवाज झाला. एक जाडजूड ड्रायव्हर उष्ट्या हाताने उठून मध्ये आला होता. “सोड तिका,” तो म्हणाला. “हांव भिकाजी. म्हज्या मावशेचो फोन आयला.” त्याच्या मागे आणखी दोघेतिघे उभे राहिले. सुलोचना आमटीचा दवला घेऊन दारात आडवी झाली होती. कोणी कोणाला मारलं नाही. प्रवीणने हात सोडला, शर्टाची बाही झटकली आणि “माझी बायको आसा ती,” असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, दर वेळी जरा हळू. पोलिसांची जीप आली तोवर त्याला दाराबाहेर जाऊ दिलं नाही.

चौकीवरचं काम रात्रीपर्यंत चाललं. आधी दोघांना समजावून घरी पाठवायचा विचार चालला होता. दिपालीने बाही वर केली तेव्हा तो विचार मागे पडला. तक्रार लिहून घेतली, गौरवीने साक्षीदार म्हणून सही केली. प्रवीणला त्या दिवशी अडकवलं आणि पुढे जामिनावर सोडलं. तिच्या आसपास फिरकायचं नाही, असा हुकूम झाला. हुकूम कागदावरचा, हे सगळ्यांनाच कळत होतं. सुलोचनाने खानावळीमागची खोली दिपालीला राहायला दिली आणि भिकाजीने तिच्या दाराला आतून जाड कडी बसवली.

चौकीच्या पायरीवर बसलेली असताना गौरवी तिला म्हणाली, “मी तो फोटो टाकला नसता तर...”

“आज ना उद्या तो येतलोच होतो,” दिपाली म्हणाली. ते खरं होतं की फक्त दिलासा, हे गौरवीला कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

धंदा तिने बंद केला नाही. पाकिटावर आता घरचा पत्ता नसतो, डिचोलीतल्या एका ओळखीच्या दुकानाचा असतो. साडीचे दोष ती अजूनही सांगते, पण हाताची खूण असलेलं काही आलं तर देणाऱ्या बाईला आधी विचारते, हे कोणी ओळखेल का गं तुझं? बायका बहुतेक हसतात, आणि कधी कधी एखादी हसत नाही. मग ती साडी पानावर जातच नाही.

आणि मांय? अंगणात मोटारसायकल थांबली की गौरवीच्या आधी तीच जनेलात जाऊन उभी राहते आणि वरूनच ओरडते, “कोण रे तो? नांव सांग पयलीं! गांव सांग!” खाली आता रोज पाकिटं न्यायला येणारा, सगळ्या गावाच्या ओळखीचा कुरिअरवाला सगुण मुकाट्याने हेल्मेट काढतो, स्वतःचं नाव सांगतो, गाव सांगतो, आणि मगच पायरी चढतो.