पलीकडलीच्या विहिरीचं पाणी

"म्हण," तुळसा म्हणाली. "मी गडगो हातभर सरकवलंय."

"मी गडगो हातभर सरकवलंय." लवू थांबला. "खरोच सरकवलंय? तुझ्या बाजूक?"

"माझ्या बाजूक."

"मगे तू माका पेज कित्याक वाढतंस गो?"

ती चुलीकडे वळली. धूर झाला होता, ते बरं झालं.

•

आधी काय झालं ते.

मिठबावात दोन आंब्याच्या बागा, मधे दगडांचा गडगा. अलीकडे लवू, एकटा. पलीकडे तुळसा. तिचा नवरा गेला आणि गडग्याचं भांडण तिच्या वाट्याला आलं. लवू तिला नावाने हाक मारत नसे. 'पलीकडली' म्हणे, तेही दुसऱ्याशी बोलताना. त्याचं गडग्यालगतचं कलम एका उन्हाळ्यात सुकलं. तो देवळात गेला, देवीपुढे नारळ ठेवला आणि आण घेतली: पलीकडलीच्या विहिरीचं पाणी पिणार नाही. प्यालो तर माझा मी राहणार नाही.

सत्तावन्न सालच्या मे महिन्यात आंबे उतरवताना त्याच्या पायाखालची फांदी मोडली. डोकं गडग्यावर आपटलं. ऐकायला फक्त तुळसा होती. ती गडगा ओलांडून गेली आणि हाताशी होतं ते पाणी त्याच्या तोंडात घातलं.

हाताशी होतं ते तिच्या विहिरीचं होतं.

•

डोळे उघडले तेव्हा त्याला स्वतःचं नाव येत नव्हतं. समोर तुळसा होती. तो तिच्याकडे बघून हसला.

गडग्याच्या कुठल्याच बाजूला आजवर कुणी असं हसलं नव्हतं.

•

मग पेज. मग रोजची पेज. मग गावात कुजबुज. मग तुळसा स्वतःच बाबली गावकाराकडे गेली. विधवेचा पाट, म्हणजे पुन्हा लग्न, लावायचा तर गावकाराचा होकार लागतो.

"आण आसा तवसर पाट नाय," बाबली म्हणाला. "घेतली तेनाच सोडूक व्हयी. भांडण आपल्या तोंडान सांगूचा, आण सोडूची, मगे तुझ्या विहिरीचा पाणी देवीसमोर पिवचा."

"त्येका आठवणा नाय."

"मगे शिकव. इतकी वर्षा गावाक ऐकवलंस, आता त्येका ऐकव."

•

म्हणजे असं. तिला तो हवा होता. आणि तो मिळवायचा तर त्याला तिचा वैरी करावं लागणार होतं. रोज थोडा थोडा. पेज वाढल्यावर.

"मी इतको वाईट होतंय?"

"होतंस."

"आणि तू?"

"मी तुझ्यापरास."

लवूला हे फार आवडलं. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "म्हणजे आमचा जमला असता."

"म्हण," ती म्हणाली. हात काढला नाही. "माझा कलम सुकला."

"माझा कलम सुकला. कशान गो?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"उन्हान."

•

देऊळ. बाबली, चार मानकरी, देवी. तुळसा तांब्या घेऊन उभी.

लवूने सगळं नीट म्हटलं. गडगा. हातभर. शिव्यासुद्धा. मानकऱ्यांतला एक हसला, कारण शिव्या तुळसाच्या आवाजात आल्या.

"माझा कलम सुकला," लवू म्हणाला.

इथे संपत होतं. इथपर्यंतच शिकवलं होतं.

"उन्हान नाय." त्याचा आवाज खाली गेला, जणू दुसऱ्या खोलीतून कुणी बोलत होतं. "कढत पाणी. तिना हंडो मुळात ओतलो. मी माडाआडसून बघलंय. ओतत होती आणि रडत होती."

तुळसा त्या दिवशी रडली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बरा," बाबली म्हणाला. हेही शिकवलेलंच असेल असं त्याला वाटलं. "आता म्हण, सोडलंय."

लवू वळला. तुळसाने तांब्या पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर ते हसू येईल म्हणून ती बघत राहिली. हसू आलं नाही; आला तो चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. गडग्यावरून कित्येक वर्षं पाहिलेला.

"पलीकडली," तो म्हणाला. "ह्या पाणी खंयच्या विहिरीचा?"

खोटं बोलायला जागा नव्हती. देवी समोर होती.

"माझ्या," तुळसा म्हणाली.

आणि तांब्या तसाच धरून उभी राहिली. प्यायचं की नाही, ते तिच्या हातात नव्हतं.