कूर्चा आणि स्टूल

गल्ल्यामागच्या खुर्चीतून उठताना मालकांच्या तोंडून "आई गं!" निघालं. उजवा गुडघा पुन्हा कुरकुरला होता.

दुकान चपला-बुटांचं. गिऱ्हाइकांना मऊ बाकं, मालकांना खुर्ची आणि नोकरांना काहीच नाही. "नोकर बसलेला दिसला, की गिऱ्हाईक काढता पाय घेतं," हा मालकांच्या वडिलांपासूनचा नियम. नोकरांत सगळ्यांत जुन्या त्या, ज्यांना सगळे वहिनी म्हणत. दिवसभर गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवं बसायचं, उठायचं, माळ्यावरून दुसरं माप आणायचं, पुन्हा बसायचं. हल्ली उठताना त्या कपाटाचा आधार घ्यायच्या. मालकांना तो कामचुकारपणा वाटे.

दुखणं अगदीच असह्य झालं, तेव्हा मालक हाडांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. बाहेर बाकावर वहिनी बसलेल्या! मालकांना पाहताच भिंतीला धरून त्या धडपडत उभ्या राहिल्या.

"अहो, बसा! इथं कुठं दुकान आहे?"

"सवय झालीय, मालक," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात मालकांचा नंबर लागला.

"बाई, आपल्याच रक्ताचं इंजेक्शन घेतलं की गुडघ्यातली गादी नवी येते, अशी जाहिरात वाचलीय. मला द्या, आणि बाहेर आमच्या दुकानातल्या वहिनी आहेत, त्यांनाही द्या."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासून हे त्या कितव्यांदा तरी सांगत होत्या. "रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग गुडघ्यात सोडतात. काहींचं दुखणं कमी होतं, काहींचं नाही. पण झिजलेली गादी, म्हणजे कूर्चा, नवी उगवेल असं वचन मी देणार नाही."

"आणि गादीच्या पेशी वाढवून बसवतात ते?"

"ते एखाद्या जागी खड्डा पडला असेल तर. सगळा रस्ताच उखडल्यावर एक खड्डा बुजवून काय होणार? तुमच्या वहिनींचं त्यांनाच विचारा, मी सांगणार नाही. पण मला सांगा, दुकानात नोकरांना बसायला काय आहे?"

"काहीच नाही," मालक म्हणाले.

"नळ गळतोय आणि आपण फरशी पुसतोय! आधी नळ बंद करा."

मालक बाहेर आले. वहिनी पुन्हा उठू लागल्या, तसे तेच पटकन त्यांच्या शेजारी टेकले.

"कधीपासून दुखतंय?"

"धाकटी शाळेत होती तेव्हापासून. आता तिची लेक शाळेत जाते."

"मग बोलला का नाहीत?"

"दुखतंय म्हटलं की मालकांना दुसरी बाई मिळते."

अरेरे! इतकी वर्षं समोर वावरणारं माणूस, आणि आपण फक्त त्याचे हात पाहिले! मालकांची मान खाली गेली.

त्याच आठवड्यात दुकानात स्टुलं आली. माळ्यावर जायच्या पाळ्या लागल्या. एका जुन्या गिऱ्हाइकानं भुवया उंचावल्या, "काय हो, नोकर बसलेत?"

"हो, बसलेत. तुम्हीही बसा," मालक म्हणाले.

इंजेक्शननं मालकांचं दुखणं थोडं हटलं. वहिनींना त्याचा फारसा उपयोग होणार नव्हता. उशीर झाला होता. व्यायामानं आणि बसायला मिळाल्यानं दुखणं वाढायचं थांबलं, इतकंच. संध्याकाळी पाय अजूनही जड होतात.

वाचकहो, विज्ञान उद्या आणखी पुढे जाईल, जावंच. पण माणूस झिजवायचा आणि मग औषध शोधायचं, हा कुठला न्याय? उपचार डॉक्टरांच्या हाती आहेत, पण दुसऱ्याला बसायला जागा देणं आपल्या हाती आहे. ती वेळेवर द्या.