वात्यारांचं उसनं पातेलं

मंगल कार्यालयाच्या दारात गुलाबपाण्याचा शिडकावा अंगावर आला आणि वडिवांबाळअम्मांनी पदरानं तोंड पुसलं. आत नादस्वरम् वाजत होतं. पुस्तकाच्या प्रकाशनाला नादस्वरम् कशाला, लग्न लागायचं आहे का कुणाचं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण सून पूंगोदै हात धरून चालवत होती आणि तिनं आज नवी साडी नेसली होती. तिचा हिरमोड नको म्हणून त्यांनी ते गिळलं आणि पायरी चढल्या.

पुस्तक त्यांच्या नवऱ्याचं. नमशिवायम् वात्यार, म्हणजे मास्तर, मायावरमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्या काळात अणूबद्दल जे काही होतं ते सगळं इंग्रजीत. विजाणूला तमिळ शब्दच नव्हता धड. वात्यार शाळेतून आले की कॉफीचा पेला घेऊन मागच्या ओसरीवर बसत आणि शब्द घडवत. वडिवांबाळ तिथेच रगड्यावर इडलीचं वाटण वाटत असे. लिहिलेलं पान ते तिला वाचून दाखवत, रगड्याच्या घरघरीवर आवाज चढवून. ते वाचत असताना तिचा हात थांबला, की समजायचं, तिला कळलेलं नाही. लगेच पेन्सिलीची खूण. दुसऱ्या दिवशी तेच पान नव्यानं लिहिलेलं. रगडा पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहिला की ते पान पास.

प्रकाशाच्या पानाला तिचा हात सारखा थांबत होता. प्रकाश लाटही आहे आणि कणही आहे, हे कसं काय? शेवटी वात्यारांना उत्सवमूर्ती आठवली. मिरवणुकीत मूर्ती अशी सजवतात की पुढून पाहावं तर शिवपुत्र मुरुगन आणि मागून पाहावं तर नटराज. रस्त्यात तुम्ही कुठे उभे आहात त्यावर तुम्हाला कोण दिसणार ते ठरतं. प्रकाशाचं तसंच काहीसं आहे, असं त्यांनी लिहिलं आणि रगडा फिरला.

ते प्रकरण मासिकात छापून आलं आणि आठवड्याभरात तूपवाले चेट्टियार हात जोडत दारात. “वात्यार, डोळे उघडलेत तुम्ही. आता मी दिव्याचं बटण दाबायच्या आधी कापूर लावतो.”

वात्यार त्या दिवशी जेवले नाहीत. “माझं शिकवणं फुकट गेलं,” म्हणाले.

वडिवांबाळ तेव्हा दुसऱ्याच रागात होती. शेजारच्या मरकतम् हिनं सांबाराचं पातेलं उसनं नेलं होतं आणि त्यावर चक्क स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. “उदाहरण म्हणजे तरी काय हो,” ती म्हणाली, “उसनं पातेलंच ना? स्वयंपाक झाला की घासून ज्याचं त्याला परत करायचं. नाव कोरून ठेवून घेणारे लोक असतात, त्याला तुम्ही काय करणार?”

 वात्यार हसले, आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यांनी एका बैठकीत लिहून काढलं. ‘उसनं पातेलं’ हेच त्याचं नाव. प्रकाश म्हणजे मुरुगन नव्हे. तुम्ही मिरवणूक पाहिली आहे आणि प्रयोगशाळा पाहिलेली नाही, म्हणून मी देवळातून एक पातेलं उसनं आणलं. आता ते देवळात परत करा. देवाला अणूच्या दाखल्याची गरज नाही आणि अणूला देवाच्या शिफारशीची नाही. ते प्रकरण ऐकताना रगडा एकदाही थांबला नव्हता.

या गोष्टीला आयुष्य लोटलं. वात्यार गेले, पुस्तक मिळेनासं झालं. मग एक दिवस ज्ञानस्कंदन आला. वात्यारांचाच विद्यार्थी, आता गावातला मोठा प्रकाशक. दरवर्षीच्या दीपावली अंकात तो स्वतःही लिहायचा: कृष्णविवर म्हणजे वैकुंठाचं दार, नंदीच्या शिंगांमधून शिवाचं दर्शन घेतात ती पहिली दुर्बीण. पूंगोदै ते लेख आवडीनं वाचायची. वडिवांबाळअम्मा चष्मा काढून ठेवायच्या.

“अम्मा, वात्यारांचं पुस्तक पुन्हा काढतो,” तो पायाशी बसून म्हणाला होता. “लोक विसरले त्यांना. मला सहन होत नाही.”

“काढ बाळ. माझं एकच मागणं आहे. शेवटचं प्रकरण जसंच्या तसं पाहिजे.”

“अम्मा, तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी?”

आपण विश्वास का ठेवला, तर तो पायाशी बसला म्हणून. म्हातारपणी माणूस इतक्यावर फसतं.

आता व्यासपीठावर त्यांच्यासमोर पडदा सरला आणि हातभर उंचीचं मुखपृष्ठ दिसलं. ‘अणूतला नटराज’. वात्यारांनी नाव ठेवलं होतं ‘अणूची गोष्ट’. खाली वात्यारांच्याच अक्षरातलं एक पान, मधोमध समीकरण आणि पानाच्या माथ्यावर पिळ्ळैयार सुळी, कागदाला पेन लावायच्या आधी काढायची ती गणपतीची खूण.

ज्ञानस्कंदन ध्वनिक्षेपकापाशी गेला. “ही खूण नीट बघा. एवढा मोठा विज्ञानवादी माणूस, पण समीकरणाच्या डोक्यावर त्यांनी काय लिहिलं? समीकरण कुठून उतरलं ते त्यांना ठाऊक होतं. तोंडानं बोलले नाहीत, हातानं सांगून गेले.”

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे पुसले.

मग मानाची पहिली प्रत अम्मांच्या हातात आली. कॅमेऱ्याकडे बघा, असं कुणी म्हणत असताना त्यांनी पुस्तक मागून उघडलं. ‘उसनं पातेलं’ नव्हतं. त्या जागी दुसरंच प्रकरण, ‘ऋषींना सारे ठाऊक होते’, आणि त्याखाली नमशिवायम् हे नाव. चार ओळी वाचून त्यांना शहारा आला, उष्ट्या ताटात चुकून हात पडावा तसा. हे वाक्य त्यांच्या माणसाचं नव्हतं. असल्या वाक्याला त्यांचा हात तेव्हाच थांबला असता.

“दोन शब्द, अम्मा,” ज्ञानस्कंदन कानाशी म्हणाला. “आशीर्वाद म्हणून.”

त्या उठल्या.

“ही खूण ते वाण्याच्या यादीवरही काढायचे,” त्या म्हणाल्या. “हिंगाच्या वर, तूरडाळीच्या वर. हिंगसुद्धा वेदातून आला का?”

सभागृह खळखळून हसलं. म्हातारी मजेशीर आहे, असं सगळ्यांना वाटलं. ज्ञानस्कंदन सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि दुसऱ्या ध्वनिक्षेपकातून म्हणाला, “बघा, हिंगातही ईश्वर पाहणारं घर हे!” पुन्हा टाळ्या.

अम्मांना वाटलं, चिखलात दगड मारतो आहोत आपण. आवाज होत नाही, नुसता आत जातो. तरी त्या थांबल्या नाहीत. “पुस्तकाचं शेवटचं प्रकरण इथे नाही. ते मी सांगते. मला पाठ आहे.” आणि त्यांनी सुरुवात केली. प्रकाश म्हणजे मुरुगन नव्हे. तुम्ही मिरवणूक पाहिली आहे आणि...

लोक चुळबुळले. मागे बोंडे तळल्याचा वास सुटला होता. तिसऱ्या वाक्याला ज्ञानस्कंदन जरीची शाल उलगडत पुढे आला. शाल पडली की भाषण संपलं, ही तिथली रीत. शाल पांघरल्यावर बोलत राहणारा माणूस अजून जन्मला नाही. त्यानं ती दोन्ही खांद्यांवरून घेऊन गळ्यापाशी नीट आवळली, हात जोडले आणि वाकून पायाला हात लावला. नादस्वरम् सुरू झालं. अम्मांचे ओठ हलत होते ते पुढच्या रांगेला दिसलं असेल. ऐकू कुणालाच आलं नाही.

निघताना दारात प्रत्येकाच्या हातात आठवण म्हणून स्टीलचा एक डबा देत होते. झाकणावर कोरलं होतं, ‘अणूतला नटराज – नमशिवायम्’. अम्मांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ते पदराला खसाखसा पुसलं. पूंगोदैनं पाण्याची बाटली पुढे केली.

घरी आल्यावर त्या तडक न्हाणीघरात गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

“अत्तै, अवेळी डोक्यावरून आंघोळ?” पूंगोदै दारातून म्हणाली. “कुणी गेलं का?”

“शिवलं काहीतरी.”

ओल्या केसांनी त्या ओसरीवर आल्या. रगडा अजून कोपऱ्यात होता, वर तुळशीची कुंडी ठेवलेला. पूंगोदै विजेच्या यंत्रात पीठ वाटत होती. अम्मांनी बटण बंद करायला लावलं, तिला समोर बसवलं आणि शेवटचं प्रकरण पहिल्या शब्दापासून सांगितलं. पातेल्यापर्यंत, देवळात परत करण्यापर्यंत सगळं.

पूंगोदैनं मन लावून ऐकलं. मुलगी वाईट नव्हती.

“म्हणजे प्रकाश मुरुगन नाही?”

“नाही.”

तिनं बोटांना लागलेलं पीठ पुसलं. “कळलं तसं, अत्तै. पण खरं सांगू? ज्ञानस्कंदनांचं ऐकताना अंगावर काटा आला होता. मामंजींचं हे ऐकून काहीच येत नाही.”

तिनं बटण दाबलं. यंत्र घरघरू लागलं. पिठासाठी तिनं समारंभातून आणलेला नवा डबा पुढे ओढला तेव्हा अम्मांनी तो तिच्या हातातून काढून घेतला, न्हाणीघराच्या कट्ट्यावर नेला आणि त्यात भांडी घासायची राख भरून ठेवली.