पुढच्या चाकाचा दांडा

आमची 'श्वाल्बे' पहिल्यांदा उडाली त्या दिवशी मी सकाळपासून तिचा एकेक बोल्ट पुन्हा तपासत होते. विमान मी बांधलेलं, चालवणार माझा नवरा फोल्कमार.

श्वाल्बे म्हणजे युद्धातलं जुनं जर्मन जेट. खरी उरलीत ती संग्रहालयांत धूळ खातात. आम्ही बव्हेरियातल्या एका लहान धावपट्टीवर सहा वर्षं खपून तिची हुबेहूब नक्कल केली. इंजिनं तेवढी आजची, जुन्या आकाराच्या खोळीत लपवलेली. त्यावरूनही आमच्या गटाचे प्रमुख, डॉक्टर आन्सगार र्‍योल, आठवडाभर घुश्शात होते. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, विमानाचा प्रत्येक रिव्हेट त्यांना पाठ.

खरा वाद झाला तो पुढच्या चाकाच्या दांड्यावरून. मूळ दांडा नाजूक. त्या काळीही मोडायचा. मी जाड पोलादाचा करून ठेवला होता.

"मेख्टिल्ड, हा बसवलास तर ते खेळणं होईल," डॉक्टर म्हणाले. "लोक इथे खरं बघायला येतात."

"खऱ्यात माणसं मेली, डॉक्टर."

"अगं, जाऊ दे ना," फोल्कमार हसत म्हणाला. "मी फुलासारखं उतरवीन."

त्याच्या हसण्याचा मला राग आला, पण दांडा मूळ नमुन्याचाच बसला.

उड्डाण देखणं झालं. कुंपणापलीकडे उभी माणसं टाळ्या वाजवत होती. मग वायरलेसवर फोल्कमारचा आवाज आला, "मागची दोन्ही चाकं खाली आली. पुढचं चाक जागेवर बसल्याचा दिवा लागत नाहीये."

"पुन्हा आत घे आणि सोड," मी म्हटलं.

"दोनदा केलं, राणी."

एरवी चारचौघांत तो मला राणी म्हणत नाही. मी दुर्बीण उचलली. तो आमच्या डोक्यावरून अगदी कमी उंचीवर गेला. दुर्बिणीतून दिसलं, चाक बाहेर होतं, पण तिरकं. दांडा जागेवर पुरता घट्ट बसलाच नव्हता.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "तुझा दांडा असता तर टिकला असता?"

"माहीत नाही," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

इंधन जाळायला फोल्कमार घिरट्या घालत राहिला. अग्निशमनाची गाडी पट्टीपाशी येऊन थांबली. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या.

शेवटी तो उतरला. मागच्या चाकांवर, नाक वर धरून, जमेल तितका वेळ. वेग मेला तसं नाक खाली आलं, दांडा काडीसारखा मोडला आणि पत्रा ठिणग्या उडवत घासत गेला. मी धावत सुटले. पण सत्तरीचे डॉक्टर माझ्याही पुढे होते. सहा वर्षं जपलेल्या त्या नाकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थेट पंखावर चढले आणि पट्टे सोडून फोल्कमारला बाहेर ओढू लागले.

"अहो, हळू! माझा हात तोडाल," फोल्कमार ओरडला. ते ऐकून मला रडू फुटलं.

हँगरमध्ये त्याच्या हातात कॉफीचा कप ठरेना. डॉक्टरांनी तो धरून त्याला पाजला.

"जाड दांडा बसव," डॉक्टर मला म्हणाले. "आणि बाहेर पाटीवर स्वच्छ लिही, की हे विमान नक्कल आहे."

"आणि उडवणार कोण?" मी विचारलं.

फोल्कमारने खिशातले उड्डाणाचे हातमोजे काढून माझ्यापुढे ठेवले. दुरुस्तीला वर्ष लागलं. पुढचं उड्डाण दुसऱ्याच वैमानिकाने केलं. फोल्कमार त्या दिवशी घरी बागेत गवत कापत होता.