पोकळ जिल्ह्यातलं घर

तीन महिन्यांसाठी म्हणून आलेले उल्हासराव, करोनात विमानं बंद झाल्यामुळे, आयर्लंडमधल्या ॲथलोनला लेकीकडे सहावा महिना काढत होते. हयात दगडी भिंती बांधण्यात गेलेली; आता जावयाच्या लॅपटॉपमधल्या भिंती बघणं नशिबी आलं होतं.

श्रेयसला फ्रान्सच्या खेड्यात जुनं दगडी घर घ्यायचं होतं. संध्याकाळपर्यंत दोघा नवराबायकोच्या सह्या जायच्या होत्या. उर्मिलाला तिकडे जायचं नव्हतं, पण तसं तिने अजून तोंडाने म्हटलं नव्हतं.

"क्रझ डिपार्टमेंट," श्रेयस म्हणाला.

"कसलं डिपार्टमेंट? पाण्याचं का रस्त्याचं?"

"बाबा, तिकडे जिल्ह्याला तसं म्हणतात."

"मग जिल्हा म्हणा की, जावईबापू. आणि क्रझ म्हणजे?"

"नदीचं नाव. अर्थ, पोकळ."

"पोकळ जिल्हा. बरं."

श्रेयसने ग्रॅनाइटच्या टेकड्या दाखवल्या, मोठं तळं दाखवलं, नदीकाठचा पडका किल्ला दाखवला.

"पडके किल्ले आपल्याकडे कमी पडले काय?"

"ओब्युसाँ गावचे हे गालिचे बघा. शेकडो वर्षं विणतात. भिंतीवर टांगायचे."

"ओल झाकत असतील." म्हाताऱ्याने घराच्या फोटोवर बोट ठेवलं. "या भिंतीला पोट सुटलंय."

"कॅरेक्टर आहे ते."

"आम्ही त्याला पडायला झालेली भिंत म्हणतो."

श्रेयस चिडला. "तुम्ही गवंडी, तुम्हाला तरी कौतुक हवं. तिथले गवंडी दर वसंतात पायी पॅरिसला जायचे. अर्धं पॅरिस त्यांनी उभं केलंय."

"आणि मागं गावात कोण?"

"बायका. शेती, गुरं, म्हातारी माणसं, सगळं त्याच बघायच्या."

उर्मिलाने भाजीखालचा गॅस बंद केला. "आणि तुझं इथलं प्रोजेक्ट संपेपर्यंत मी एकटीने तिथे राहायचं."

"वर्षभरच गं. ग्रँड होईल सगळं."

उल्हासरावांना चेव आला. "वा. बायकोला ओसाडीत टाकायचं आणि आपण—"

"बाबा, तुम्ही नका बोलू," उर्मिला म्हणाली. "तुम्ही आठ-आठ महिने धरणाच्या कामावर असायचात. गवंड्याच्या घरची कौलं आई वर चढून शाकारायची. तिला कुणी विचारलं होतं?"

म्हाताऱ्याने लॅपटॉप जावयाकडे सरकवला.

"मग काय कळवू त्या घरमालकाला?" श्रेयसने विचारलं.

"लिही, बायकोला विचारायचं राहून गेलं होतं. ती नाही म्हणते."

श्रेयस टाइप करू लागला. उल्हासराव सहा महिन्यांत पहिल्यांदा ताटं घ्यायला उठले, आणि ती कुठल्या कपाटात असतात ते त्यांना लेकीला विचारावं लागलं.